गाऱ्याला वाट

जीपचे पुढचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, कापायचे की काढून ठेवून बाजारातले नवे बसवायचे, या एका प्रश्नात माझा मागचा अख्खा उन्हाळा गेला. घरच्यांना याचं नवल वाटलं. पत्र्याचा तुकडा तो, त्यात एवढं काय? पण मला तो प्रश्न एका रात्री पडला होता, आणि त्या रात्रीनंतर तो पत्र्याचा राहिला नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि घाटंजीच्या मधल्या पट्ट्यात माझी फिरस्ती असते. चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जातो. त्यावर काच पुसायचीसुद्धा गरज पडत नाही. पण गाय महामार्गावर अडत नाही. ती अडते वावरातल्या गोठ्यात, आणि तिथे जायला पांदण, म्हणजे वावरातली कच्ची वाट असते. उन्हाळ्यात पांदणीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा फुगून, मिटून, लोण्यासारख्या होतात. ही आमची काळी माती, लाव्ह्याच्या काळ्या खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. कापसाला तिच्यासारखी माय नाही. चाकाला मात्र ती धरली की सोडत नाही.

मुरमाड भागातला चिखल पातळ असतो, उडतो आणि खाली पडतो. आमचा गारा पडत नाही, चढतो. चप्पल घालून वावरात चार पावलं टाका, पाचव्या पावलाला पायाला एकेक शेराचं वजन असतं. टायरचंही तसंच होतं. पहिल्या फेऱ्यात टायरच्या खाचा भरतात, दुसऱ्यात टायरवर एक थर येतो, आणि तो थर वर जाऊन फेंडरच्या पोटाला चिकटतो. तिथे थरावर थर बसतात. शेवटी टायर आणि फेंडर यांच्यामध्ये जागाच उरत नाही. ठासून भरलेल्या गाऱ्याची वीट होते आणि चाक त्या विटेला घासत फिरतं, जोवर फिरता येईल तोवर.

त्या रात्री ते फिरायचं थांबलं.

ऑगस्टचा महिना, सोयाबीन फुलावर. अकराच्या सुमारास फोन आला: गवळाऊ गाय, पहिलं वेत, संध्याकाळपासून कळा देते, एकच पाय दिसतोय. एकच पाय म्हणजे दुसरा आत दुमडलेला. अशा वेळी हात घालून वासरू मागे ढकलायचं, दुमडलेला पाय सरळ करून बाहेर आणायचा. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण वेळेत व्हायला हवं. मी निघाले. ओढ्यापर्यंत ठीक होतं. ओढा ओलांडून चढावर लागले तेव्हा स्टिअरिंग आधी जड झालं, मग डावीकडे वळेचना. फोर व्हील टाकलेलंच होतं. डावं पुढचं चाक गच्च अडकलं आणि उजवं जागच्या जागी फिरायला लागलं. एका ॲक्सलवरची दोन चाकं अशीच असतात, एक अडलं की सगळं फिरणं दुसऱ्याकडे जातं. खाली उतरून टॉर्च मारला. टायर दिसतच नव्हता. फेंडरखाली एक काळा गोळा होता आणि त्यातून पऱ्हाटीच्या दोन काड्यांची टोकं बाहेर आली होती.

माझ्याकडे टायर काढायची सळई होती. तिने कोरत बसले. वरून पाऊस. हाताने खरवडावं तर गारा नखांत जातो, जागचा हलत नाही. फेंडरची खालची कड आतल्या बाजूला वळवलेली असते. त्या वळणात तो असा बसलेला की तिथून त्याला काढायला वाटच नव्हती. चाळीस-पन्नास मिनिटं गेली. एक बाजू मोकळी झाली तेव्हा निघाले आणि उरलेलं अर्धं अंतर कसंबसं काटलं.

गाय वाचली. वासरू नाही वाचलं. कालवड होती.

गायीचा मालक म्हातारा माणूस. त्याने मला हात धुवायला गरम पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, एवढ्या गाऱ्यात तुमी आल्या, लय झालं. गाय तं राह्यली ना." त्याच्या त्या बोलण्यात दोष देणं नव्हतंच. तेच मला फार लागलं. परतताना पांदणीत मी काढलेला गाऱ्याचा ढीग गाडीच्या उजेडात दिसला.

*

गाडी म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९९४ सालची, प्यूजोचं २१०० सीसीच्या आसपासचं डिझेल इंजिन. मी घेतली तेव्हा तिला ६.००-१६ चे टायर होते. त्या रात्रीनंतर मी आधी टायरचा विचार केला. खूप जण रुंद टायर सुचवतात. वाळूत, सैल मातीत रुंद टायर चांगला, तो वर तरंगतो. आमच्याकडे वरचा सहा-आठ इंच गारा आणि खाली जरा घट्ट थर असतो. त्या थरापर्यंत पोचायला उंच आणि अरुंद टायरच बरा. बैलबंडीचं चाक काही उगीच उंच आणि अरुंद नव्हतं. म्हणून ७.५०-१६ चे, मोठ्या खाचांचे टायर घ्यायचं ठरवलं. त्यांची उंची आधीच्या टायरपेक्षा जवळपास तीन इंच जास्त. ती अर्धी खाली आणि अर्धी वर वाटली जाते, म्हणजे टायर फेंडरच्या दीड इंच जवळ येतो. गाऱ्यासाठी आधीच जागा नव्हती, त्यात ही दीड इंचाची भर. तेव्हा फेंडरचं काहीतरी करणं भागच होतं.

नागपूरला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे नवी थार आहे, दोन हजार वीसनंतरची, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर दगडधोंड्यांत ती चढवण्याचा त्याला मनापासून नाद आहे. त्याचं उत्तर तयार होतं. "कायले कापाकापी करते ताई? कापलं की गेलं. सरळ प्लेटचे नाही तर पाईपचे फेंडर मागवून टाक. जुने काढून गोठ्यात ठेव." त्याचं म्हणणं मी बाजूला टाकलं नाही. कापलेला पत्रा परत येत नाही, हे त्याचं खरंच होतं. बाजारातले फेंडर बहुतेक तीन मिलीमीटर जाड पोलादी पत्र्याचे असतात, किंवा वाकवलेल्या पाईपच्या चौकटीवर पत्रा मारलेले. दगडाला घासले तर ते चेपत नाहीत, उलट दगडावरून गाडी सरकवून नेतात. फायबरचेही मिळतात, हलके आणि न गंजणारे, पण एखाद्या बाभळीच्या खोडावर टेकले की तडकतात.

मी कागदावर हिशोब मांडला. पोलादाच्या एक मिलीमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन सुमारे ७.८५ किलो. माझा एक फेंडर मापला तर साधारण ०.६ चौरस मीटर भरला. मूळ पत्रा सव्वा मिलीमीटरच्या आतबाहेरचा धरला तर जवळपास सहा किलो, आणि तीन मिलीमीटरचा घेतला तर चौदा किलो. दोन्ही बाजू मिळून साडेसोळा किलोच्या आसपास वाढ. एका माणसाच्या वजनापुढे हे काहीच नाही, पण माणूस सीटवर बसतो आणि फेंडर बोल्टांवर लटकतो. या जीपचा फेंडर मागे काउलला, म्हणजे काचेखालच्या पत्र्याला, आणि पुढे ग्रिलच्या चौकटीला आवळलेला असतो. तीस वर्षं जुन्या काउलवर जड वजन सतत हादरत राहिलं की बोल्टच्या भोकांपासून भेगा निघतात. शिवाय फेंडरच ग्रिल आणि काउलला बांधून धरतो, त्यामुळे "पावसाळ्यात सरळ काढूनच टाका" हा तिसरा सल्लाही बाद झाला. तो काढला तर ग्रिल डुगडुगते आणि गारा थेट रेडिएटरच्या पंख्यावर आणि काचेवर येतो.

आणि एक गोष्ट होती, जी कागदावर मांडता येत नव्हती. माझ्या जीपचा फेंडर वरून सपाट आहे. रात्री गोठ्यात पोचले की मी गाडी गोठ्याच्या तोंडाशी आडवी लावते आणि डाव्या फेंडरवर माझं सामान मांडते. आधी धुतलेलं कापड अंथरायचं. त्यावर वासरू ओढायच्या दोऱ्या, साबण, आयोडीनची बाटली, कॅल्शियमची बाटली आणि तिची नळी, कोपरापर्यंतचे मोजे. कोणीतरी टॉर्च धरून उभं राहतं. गोठ्यात जमिनीवर काही ठेवायची सोय नसते, खाली शेण आणि मूत असतं. तो सपाट पत्रा माझं टेबल आहे. त्याची उंचीही बरोबर माझ्या कमरेएवढी. पाईपच्या फेंडरला वरून उतार असतो, प्लेटच्या फेंडरला बहुधा तिरपा कोन दिलेला असतो, त्यावर बाटली ठरत नाही. टेबल घालवून मी चाक सोडवणार होते काय?

*

मार्चच्या शेवटी गाडी तालुक्याच्या गावातल्या डेंटर मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो, कापसाच्या गाड्यांचे फाळके दुरुस्त करतो. शोभेच्या कामाला वेळ देत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, ती रात्रसुद्धा. तो ऐकत होता, मग चाकाजवळ बसला आणि फेंडरच्या आत हात घालून वळवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा बोटावर वाळलेला गारा होता. म्हणाला, "कापाचं असन तं कापू. पन आंधी सांगा, अडून कुठं राह्यलं? वरतं का मांगं?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

दगडात गाडी चढवणाऱ्यांचा टायर वर अडतो. चाक वर दाबलं जातं, फेंडरच्या माथ्याला लागतं, म्हणून ते माथा उंच करतात आणि कमान मोठी कापतात. आमच्या गाऱ्यात टायर वर अडत नाही. पुढे जाणारं चाक मागून वर येतं, त्यामुळे गारा टायरच्या मागच्या अंगाने उचलला जातो आणि फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, पायरीच्या वर, पहिल्यांदा ठासला जातो. वीट तिथून तयार व्हायला लागते आणि मग ती वर चढते. म्हणजे मला वर काहीच नको होतं. मला मागे आणि खाली वाट हवी होती. बाजारातले जे फेंडर मी पाहिले होते ते बहुतेक वरचा प्रश्न सोडवणारे होते. ते वाईट नाहीत, ते दुसऱ्या जमिनीचे आहेत.

मिस्त्रीने हात करून रस्त्यावरचा ट्रॅक्टर दाखवला. पुढच्या चाकांवर काहीच नाही, मागच्यांवर मडगार्ड आहे ते वीतभर उंच आणि मागून उघडं. "त्याले गारा लागत नाई काय? लागते. पन सुटते."

मग आम्ही माप घेतलं, आणि ते माप घेणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. नवे टायर चढवून डावं चाक लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवलं, तिकडचे स्प्रिंगचे पाटे दबेपर्यंत. उजवं चाक खाली लोंबत राहिलं. मिस्त्रीच्या पोराने बादलीत चुना कालवला आणि टायरच्या खाचांवर कुंच्याने फासला. मग मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, त्याने चाक पुढेमागे केलं. फेंडर जिथे जिथे लागला तिथे पांढरे ठसे उठले. वर एकही नाही. आतल्या वळवलेल्या कडेवर ठशांची रांग, आणि मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पांढरा डाग. उजव्या बाजूलाही तसंच. ठशांपासून दोन इंच सोडून मिस्त्रीने खडूने रेघ मारली. ती रेघ माथ्याला कुठेच शिवत नव्हती. माझं टेबल जसंच्या तसं राहत होतं.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरला जाऊ नये म्हणून. इंडिकेटरची वायर मागे बांधली. चार इंची ग्राइंडरला एक मिलीमीटरचं पातळ चाक लावलं आणि मिस्त्रीने सुरुवात केली. पहिली ठिणगी उडाली तेव्हा माझ्या पोटात कालवलं, हे सांगितलंच पाहिजे. एमएम ५४० आता बनत नाही. मूळ फेंडर चांगल्या स्थितीत मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. पण पट्टी सुटून खाली पडली आणि तिच्या वळणातला गारा फुटून पसरला, तेव्हा ती हळहळ गेली. त्या बोटभर वळणात तीस पावसाळ्यांचं सगळं होतं. काळ्या मातीचे थर, मध्ये लाल मुरमाची पातळ रेघ, सोयाबीनचं कुटार, एक सरकी. आणि त्याच्या खाली पत्रा कुरतडल्यासारखा, बोट लावलं तर भुगा. बाहेरून रंग शाबूत होता. ओल धरून ठेवणाऱ्या त्या वळणाने फेंडर आतून खाल्ला होता. अजून चार पावसाळ्यांनी तो आपोआप गळाला असता.

आता खरं काम पुढे होतं. कंपनीने ती कड वळवली होती ती उगीच नाही. पातळ पत्र्याला ताठपणा त्या वळणानेच येतो. नुसतं कापून सोडलं तर फेंडर सुपासारखा फडफडतो, कडेला हात कापतो आणि वर्षभरात बोल्टापाशी चिरतो. नुसतं कापून देणारे बरेच आहेत, म्हणून कापलेल्या फेंडरची बदनामी होते. मिस्त्रीने रेघेच्या खाली बोटभर पत्रा जास्त ठेवला होता. त्याला तो वळवणार होता, पण बाहेरच्या बाजूला. आत वळवला की पुन्हा गाऱ्याला ओटा मिळतो, बाहेर वळवला की आतली भिंत सपाट राहते आणि गारा निसटतो. गोल जागी पत्रा सरळ वळत नाही. तिथे त्याने इंचाइंचावर छोटे काप दिले, ब्लाऊजचा गळा दुमडण्याआधी शिंपी देतो तसे. मग लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकत कड बाहेर आणली, आणि त्या वळणात आठ मिलीमीटरची सळई घालून टाक्या-टाक्यांनी वेल्डिंग केलं. एका जागी लांब वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, एक तिकडे, मध्ये निवू द्यायचं. दोन दिवस गेले. घासून गुळगुळीत केलं, त्याच संध्याकाळी झिंकचा प्रायमर मारला, उघडा पत्रा रात्रभर ठेवला नाही.

मागचा कोपरा उघडा झाला म्हणजे तिथून गारा पायरीवर आणि माझ्या पायावर येणार. त्यासाठी रबराचे पडदे लावले. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. कन्व्हेयरचा जुना पट्टा भंगारात मिळतो, लोक तो गोठ्यात बैलांखाली अंथरतात. त्याचे दोन तुकडे कापले आणि पाकळीच्या नटांनी बसवले, हाताने सुटतील असे. रबर लवतं, त्यामुळे त्याच्यावर वीट बसत नाही. गारा फार झाला तर पडदा काढून मागे टाकायचा.

कायद्याचंही मनात होतं. मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमात गाडीच्या बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून गाडी बदलू देता येणार नाही असं म्हटलं आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी माझ्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा तपासणीला ती उभी राहायची आहे. बाहेर डोकावणारे रुंद टायर नाकारण्याचं हेही एक कारण. माझा टायर फेंडरच्या रुंदीच्या आत आहे आणि तसाच ठेवणार आहे. वाटेने चालणाऱ्या माणसावर चिखल आणि दगड उडवायचा मला हक्क नाही.

काम झाल्यावर मावसभाऊ मुद्दाम येऊन बघून गेला. खाली वाकून त्याने सळईवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या गाडीले हे नाही चालणार." बरोबर आहे. नव्या थारच्या चाकाभोवती प्लास्टिकची कमान आहे, आतला पत्रा वेगळा, ती कुठे नेतात तेही वेगळं. त्याने पाईपचेच घ्यावेत. कोणाचे फेंडर सडून गेले असतील तर त्यानेही नवेच घ्यावेत, सडलेल्या पत्र्यावर सळई जोडून काही उपयोग नाही. माझा माथ्याचा पत्रा ठणठणीत होता, म्हणून मी कापले.

जुलैत पाऊस लागला. त्या ओढ्याच्या चढावर मी मुद्दाम दिवसा, रिकामी गाडी घेऊन गेले. चढ संपल्यावर उतरले. गारा चढला होता, तो चढणारच. टायरच्या खाचा भरलेल्या, पडदा काळा झालेला. पण फेंडर आणि टायरच्या मध्ये माझा हात आरपार जात होता. मी उभी असतानाच मागच्या कोपऱ्यातून एक ढेकूळ सुटलं आणि थप्पकन पांदणीत पडलं. परत आले तोवर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

त्या म्हाताऱ्याची गाय पुन्हा गाभण आहे. माजावर आल्याचा दिवस मी वहीत लिहून ठेवलाय. हिशोबाने ती येत्या ऑगस्टच्या शेवटी विईल. मागच्या चाकांचं काम तेवढं राहिलंय. मागचे फेंडर बोल्टाचे नाहीत, ते बॉडीच्या टबातच आहेत, तिथे कापणं म्हणजे सरळ बॉडी कापणं, आणि आत सीटचा पाया आहे. मिस्त्री म्हणतो दिवाळीनंतर आणा, कापसाच्या गाड्यांचं काम माझ्याकडे यायच्या आत. मी चुन्याची पुडी आताच आणून ठेवली आहे.